भिंतीजवळची बाळं : धर्मशिक्षण देणाऱ्यांना एक खुले पत्र

प्रति,
आमच्या धर्मप्रांताचे बिशप महोदय, सर्व धर्मगुरू, धर्मभगिनी आणि रविवारच्या धर्मशिक्षण वर्गांत शिकवणारे माझे सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या जूनमध्ये आमच्या गावातल्या एका तरुण जोडप्याची मुलगी जन्मल्यानंतर तिसऱ्या दिवशी गेली. सातव्या महिन्यातच जन्मलेली. तीन दिवस काचेच्या पेटीत होती आणि आईला तिला जवळ घेता आलं ते शेवटच्या तासाभरातच. घरच्यांनी चर्चमध्ये कळवलं तेव्हा पहिला प्रश्न आला, स्नानसंस्कार म्हणजे बाप्तिस्मा झाला होता का? झाला नव्हता. मग मिस्सा नाही, प्रार्थनाविधी नाही. दफनभूमीत मागच्या भिंतीजवळ जागा आहे, तिथे माती द्या, असं उत्तर मिळालं. बाळाचे आजोबा, काका आणि शेजारचे दोघे, असे चौघे जण संध्याकाळी गेले. घंटा वाजली नाही.

त्या भिंतीजवळ माझाही मुलगा आहे.

१९८७ चा सप्टेंबर होता. तो दोन दिवस जगला. त्याचं नाव आम्ही ठरवून ठेवलं होतं, पण ते ना चर्चच्या स्नानसंस्काराच्या वहीत आहे, ना मृतांच्या वहीत. मी तेव्हा २६ वर्षांची होते. त्या वेळचे धर्मगुरू घरी आले आणि म्हणाले, "तो स्वर्गात जाणार नाही, पण त्याला यातनाही होणार नाहीत." हळू आवाजात, माझी समजूत घालायला म्हणून त्यांनी हे सांगितलं. त्यांच्यावर माझा राग नाही; सेमिनरीत जे शिकले तेच ते सांगत होते. शेजारच्या हिंदू काकू माझ्या डोक्यावरून हात फिरवत एवढंच म्हणाल्या, "देवाघरचं फूल देवाघरी गेलं गं." पुढे कितीतरी वर्षं मला आधार वाटला तो काकूंच्या त्या वाक्याचा. माझ्या स्वतःच्या ख्रिस्तसभेपेक्षा काकूंचा आधार वाटतो हेही पापच असणार, असं मनात यायचं, म्हणून कबुलीतसुद्धा मी ते कधी बोलले नाही.

आज बोलते आहे, कारण जूनमधल्या त्या दफनानंतरच्या रविवारी माझ्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "टीचर, ती एवढीशी होती. तिने काय केलं होतं?" पहिल्या कम्युनियनची तयारी करणारी आठ-नऊ वर्षांची मुलं ही. माझ्या हातात त्या दिवशीची उजळणीची प्रश्नपत्रिका होती आणि तिसरा प्रश्न होता : रिकाम्या जागा भरा, प्रत्येक मूल जन्मतः ______ असते. अपेक्षित उत्तर, 'पापी'. मी तो प्रश्न गाळला. ऑगस्टमधल्या शिक्षकांच्या बैठकीत तो कायमचा काढावा, निदान बदलावा, अशी विनंती केली. निर्णय झाला की वर्षानुवर्षं जे चालत आलं आहे तेच शिकवायचं, मुलांना गोंधळात टाकायचं नाही. मी २२ वर्षं हा वर्ग घेते आहे. हा निर्णय मला मुकाट्याने मान्य करता येत नाही.

मला काय म्हणायचं नाही ते आधी सांगते, म्हणजे गैरसमज नको. आदिपाप, म्हणजे आदामाच्या पतनापासून प्रत्येकाच्या वाट्याला जन्मतःच येणारं पाप, असं काही नाही, ती जुन्या काळची कल्पना आहे, असं मी म्हणत नाही. मी ते मानते. प्राथमिक शाळेत ३१ वर्षं शिकवलं आहे मी. खडूच्या तुकड्यावरून चार वर्षांचं पोर दुसऱ्याला कसं ढकलतं ते मला ठाऊक आहे. आणि मुलांचं कशाला, जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही आणि जे नको तेच होतं, हे संत पौलाने रोमकरांस लिहिलेलं वाक्य मी रोज जगते. माणसात काहीतरी बिनसलेलं आहे, ते आपल्या जन्माआधीपासूनचं आहे आणि केवळ स्वतःच्या जोरावर ते सुधारत नाही, हे मला पटतं. माझी तक्रार अशी आहे की आदिपापाविषयी ख्रिस्तसभा जे शिकवते ते आपण शिकवत नाही. तिच्या नावावर आपण त्याहून कितीतरी कठोर आणि त्याहून कितीतरी सोपं असं काहीतरी शिकवतो आहोत.

कॅटेकिझम म्हणून आपण ज्याला ओळखतो तो ख्रिस्तसभेच्या अधिकृत शिकवणीचा ग्रंथ १९९२ साली आला. आपल्या प्रत्येक चर्चच्या कपाटात तो असणार. त्यातला ४०४ आणि ४०५ क्रमांकाचा परिच्छेद कृपा करून पुन्हा वाचा. आदिपापाला 'पाप' म्हटलं जातं ते केवळ सादृश्याने, असं तिथे स्पष्ट आहे. ते केलेलं पाप नव्हे, वाट्याला आलेलं आहे. ती कृती नव्हे, अवस्था आहे. आदामाच्या कुठल्याही वंशजाच्या बाबतीत त्याला वैयक्तिक अपराधाचं स्वरूप नाही. आणि मानवी स्वभाव त्यामुळे पुरता सडलेला नाही. तो जखमी आहे. आता आपली रिकामी जागा पाहा. 'प्रत्येक मूल जन्मतः पापी असते.' आठ वर्षांच्या मुलाने यातून काय समजावं?

इथे भाषेचा मुद्दा आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. मराठीत पाप 'केलं' जातं. पापी म्हणजे पाप करणारा. शिवाय आपण ज्या समाजात राहतो, ज्या शेजाऱ्यांबरोबर वाढलो, त्यांच्या बोलण्यात जन्मासोबत येणारं पाप म्हणजे मागच्या जन्मीचं कर्म. 'कुठल्या जन्मीचं पाप भोगतोय कुणास ठाऊक' हे वाक्य आपल्या ख्रिस्ती घरांतही सर्रास ऐकू येतं. त्यामुळे 'जन्मतः पापी' म्हटलं की मराठी कानाला दोनच गोष्टी ऐकू येतात : एक तर या बाळाने काहीतरी केलं आहे, नाहीतर त्याने मागे कधीतरी केलं होतं. दोन्ही आपल्या श्रद्धेच्या विरुद्ध आहेत. आपल्याकडे 'पाप लागणं' असाही शब्द आहे, तो थोडा जवळ जातो, पण तेही आपण काही केलं म्हणून लागतं. शब्द अपुरा आहे म्हटल्यावर शिक्षकाने त्याच्याभोवती दोन वाक्यं जास्त बोलली पाहिजेत. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडमधून १५७९ साली गोव्याला आले आणि १६१६ साली गोव्यातल्याच रायतूर इथे त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. सृष्टीची उत्पत्ती आणि आदिमातापित्यांचं पतन त्यांनी ओव्यांत सांगितलं, इथल्या माणसाच्या कानाला रुचेल अशा भाषेत. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने चारशे वर्षांपूर्वी एवढे कष्ट घेतले. आपण मात्र एका शब्दात रिकामी जागा भरून मोकळे होतो.

मी वर्गात हे कसं सांगते ते इथे लिहिते. कुणाला उपयोगी पडलं तर घ्या, चुकलं असेल तर दुरुस्त करा.

माझं माहेर खाडीकाठचं. भाताची खाचरं आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध असायचा. माझ्या आजोबांच्या पिढीत भावकीचं भांडण झालं आणि दोन वर्षं बांधाकडे कुणी पाहिलंच नाही. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली आणि खारं पाणी शेतात शिरलं. माझ्या वडिलांच्या वाट्याला जमीन आली ती ही खारवलेली. त्यांनी बांध फोडला नव्हता. तेव्हा ते पाळण्यात होते. पण भात उगवत नव्हतं ते त्यांच्याच शेतात, आणि उपाशी राहायची वेळ यायची ती त्यांच्याच मुलांवर. आता सांगा, ती जमीन वाईट होती का? नव्हती. माती तीच होती, पूर्वी पिकत होती तीच. 'ही जमीन पापी आहे' असं माझ्या वडिलांनी कधी म्हटलं नाही. त्यांनी बांध नीट घातला, पावसाचं गोडं पाणी खाचरांत अडवलं, सोडून दिलं, पुन्हा अडवलं. मीठ धुऊन जायला तीन पावसाळे लागले. त्यानंतरही एखाद्या कोपऱ्यात भात पिवळं पडायचंच.

मुलांना हे चटकन कळतं. बांध पहिल्यांदा कुणी फोडला, मीठ कुणाच्या वाट्याला आलं, गोडं पाणी म्हणजे काय, आणि स्नानसंस्कारानंतरही आपल्याला राग का येतो, खोटं का बोलावंसं वाटतं, सगळं. (खाडीकाठच्या पोरांना तर जास्तच लवकर कळतं, हल्ली इमारतींतून येणाऱ्या मुलांना आधी बांध म्हणजे काय ते फळ्यावर काढून दाखवावं लागतं.)

हे माझ्या पदरचं नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार केला होता. पापामुळे माणसाच्या स्वभावातलं काय गेलं, असा प्रश्न विचारून त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या केल्या. माणूस ज्यांच्यामुळे माणूस असतो ती बुद्धी, इच्छाशक्ती वगैरे मूळ घडण : ती नष्ट झाली नाही, कमीही झाली नाही. चांगल्याकडे असलेला ओढा : तो कमी झाला, पण संपला नाही. आणि देवाने आरंभी दिलेली मूळ धार्मिकतेची देणगी : ती मात्र पूर्ण गेली. आदिपाप म्हणजे मुळात ही उणीव. जे असायला हवं होतं ते नसणं. माती, मातीचा कस आणि गोडं पाणी, असं मी वर्गात म्हणते.

कॅथलिक ख्रिस्तसभेच्या ट्रेंट इथल्या परिषदेतही, १७ जून १५४६ च्या त्या प्रसिद्ध ठरावात, आदामाचं पाप केवळ अनुकरणाने नव्हे तर वंशपरंपरेने आपल्यापर्यंत येतं, हे ठामपणे सांगितलं आहे, आणि त्याच ठरावात हेही सांगितलं आहे की स्नानसंस्कारानंतर माणसात जो वाईटाकडचा कल उरतो तो खऱ्या अर्थाने पाप नव्हे. त्या काळच्या धर्मसुधारकांशी वाद नेमका इथेच होता. म्हणजे मानवी स्वभाव आतून नासलेला आहे, हे कॅथलिक मत नाही. आपण मात्र आपल्याच वर्गात तेच शिकवतो आणि आपल्याला ते कळतही नाही.

संत ऑगस्टीनचं नाव घेऊन माझं तोंड बंद केलं जातं, म्हणून त्यांच्याविषयी थोडं जास्त लिहिते. मला ते फार जवळचे वाटतात. चौथ्या-पाचव्या शतकातला हा माणूस तारुण्यात सुमारे नऊ वर्षं मानी पंथात होता. त्या पंथात शरीर आणि जडसृष्टी ही अंधाराची निर्मिती मानत. ती कल्पना सोडून ते ख्रिस्तसभेत आले आणि मग आयुष्यभर सांगत राहिले की वाईट ही स्वतंत्र वस्तूच नाही. चांगल्याचा अभाव म्हणजे वाईट, आणि देवाने जे जे निर्माण केलं ते निसर्गतः चांगलंच आहे. आदिपापाची शिकवण ज्यांनी घडवली त्याच माणसाचं हे मत आहे. पुढे पेलाजियसशी त्यांचा वाद झाला. माणूस स्वतःच्या प्रयत्नाने निष्पाप राहू शकतो, असं पेलाजियस मांडत होता. कृपेशिवाय ते होत नाही, हे ऑगस्टीन यांचं म्हणणं ४१८ च्या कार्थेज परिषदेत मान्य झालं, ५२९ च्या ऑरेंज परिषदेतही कृपेची शिकवण पक्की झाली आणि ते योग्यच झालं. पण वादाच्या भरात ते एक पाऊल पुढे गेले. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं बारावं वचन त्यांच्या लॅटिन प्रतीत 'ज्याच्यात सर्वांनी पाप केलं' अशा अर्थाने वाचता येत होतं. मूळ ग्रीकचा अर्थ आजचे बहुतेक अभ्यासक 'कारण सर्वांनी पाप केलं' असा लावतात. त्या वाचनाच्या आधारे, आदामाच्या ठायी आपण सगळेच पाप करून बसलो आहोत, हे त्यांनी इतकं ताणलं की स्नानसंस्काराविना मेलेली बाळं नरकात जातात, फक्त त्यांची शिक्षा सर्वांत सौम्य असते, असं त्यांनी लिहिलं. ते एका थोर संताचं मत होतं. पण संताचं प्रत्येक मत म्हणजे ख्रिस्तसभेची शिकवण नव्हे.

आणि एक गोष्ट मोनिकाच्या लेकाविषयी. स्वतः ऑगस्टीनना बाळपणी स्नानसंस्कार मिळाला नव्हता. लहानपणी ते फार आजारी पडले, मरतात की काय अशी वेळ आली, तेव्हा मोनिकाने घाईने संस्काराची तयारी केली. मग मुलगा बरा झाला आणि तिने ते पुढे ढकललं. शेवटी तो संस्कार झाला ३८७ च्या ईस्टरला, मिलानमध्ये, संत अम्ब्रोजच्या हातून. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. २७ ऑगस्टला आपण आयाबाया संत मोनिकाचा सण पाळतो, आपल्या मुलांसाठी तिला साकडं घालतो. त्या दुखण्यात तिचं पोर गेलं असतं तर तिलाही कुणी भिंत दाखवली असती का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

ऑगस्टीनच्या त्या कठोर मताचा पुढच्यांनाच जाच होऊ लागला, म्हणून मध्ययुगात लिंबोची, म्हणजे अशा बाळांसाठी स्वर्गही नव्हे आणि यातनाही नाहीत अशा जागेची, कल्पना आली. लॅटिनमध्ये 'लिंबुस' म्हणजे काठ, किनार. अक्वायनस म्हणाले, ती बाळं तिथे दुःखी नसतात, काय गमावलं हे त्यांना ठाऊकच नसतं. १९८७ मध्ये मला सांगितलं गेलं ते हेच. पण लिंबो हा कधीच श्रद्धेचा सिद्धांत म्हणून जाहीर झाला नाही. ते शतकानुशतकं शिकवलं गेलेलं एक मत होतं. एप्रिल २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाचा या विषयावरचा दस्तऐवज पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने प्रसिद्ध झाला. त्यात म्हटलं आहे की अशा बाळांचं तारण होतं, त्यांना देवदर्शन घडतं, अशी आशा बाळगायला गंभीर ईशज्ञानविषयक आणि उपासनाविषयक आधार आहेत. ही खात्री नव्हे, आशा आहे, हेही तिथे प्रामाणिकपणे लिहिलं आहे. मला तेवढी आशा पुरते. पण ती मला कुणी सांगितलीच नाही! २००७ नंतर कितीतरी वर्षांनी, वर्गाची तयारी करताना, ती मी स्वतः वाचली. त्या दिवशी मी संध्याकाळची जपमाळेची प्रार्थना चुकवली आणि दफनभूमीत जाऊन बसले.

कॅटेकिझमचा १२६१ वा परिच्छेद तर त्याहून जुना आहे. ख्रिस्तसभा अशा बाळांना देवाच्या दयेच्या हाती सोपवते, 'जसं ती त्यांच्या अंत्यविधीत करते', असं तिथे म्हटलं आहे. त्यांच्या अंत्यविधीत! म्हणजे असा विधी आहे. १९६९ मध्ये अंत्यविधींचं जे नवं पुस्तक आलं त्यात स्नानसंस्काराआधी गेलेल्या बाळासाठी प्रार्थना आहेत. १९१७ च्या जुन्या धर्मसंहितेत या बाळांना ख्रिस्ती दफन नाकारलं होतं हे खरं. पण १९८३ च्या संहितेतल्या ११८३ व्या कलमात म्हटलं आहे की आईवडिलांची स्नानसंस्कार देण्याची इच्छा होती आणि त्याआधीच बाळ गेलं, तर स्थानिक धर्माधिकारी ख्रिस्ती अंत्यविधीची परवानगी देऊ शकतात. माझा मुलगा गेला तेव्हा ही संहिता लागू होऊन जवळजवळ चार वर्षं झाली होती. यंदाच्या जूनपर्यंत तर चाळीसहून अधिक. परवानगी नाकारली गेली असती तर निदान कुणीतरी विचार केला असं म्हणता आलं असतं. परवानगी कुणी मागितलीच नाही.

२८ डिसेंबरला आपण बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचा सण साजरा करतो. हेरोद राजाने मारलेल्या त्या मुलांचा स्नानसंस्कार झाला नव्हता. ती ख्रिस्तासाठी मारली गेली, तो त्यांचा रक्ताचा स्नानसंस्कार, हे मला माहीत आहे. माझा मुलगा त्यांच्यासारखा हुतात्मा होता असं मी म्हणत नाही. पण संस्कार झाला नाही एवढ्या एका कारणावरून बाळाचा रस्ता बंद होत असता तर हा सण आपल्या दिनदर्शिकेत कसा आला असता? देवाने तारण स्नानसंस्काराशी बांधलं आहे, पण देव स्वतः आपल्या संस्कारांशी बांधलेला नाही, हेही कॅटेकिझमचंच वाक्य आहे, १२५७ वं.

बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला एक्कावन्नावं स्तोत्र वाचून दाखवलं, 'माझ्या आईने पापात माझा गर्भ धारण केला.' ते स्तोत्र मला पाठ आहे. त्याच्या मथळ्यातच लिहिलं आहे की बथशेबा या परस्त्रीच्या प्रकरणानंतर नाथान संदेष्टा दावीदाकडे आला तेव्हाचं ते आहे. एक मोठा माणूस, राजा, आपण केलेल्या पापाने पोळून देवापुढे रडतो आहे. ते वचन आपण तान्ह्या बाळाच्या छातीवर चिकटवायचं का?

आणि या सगळ्यात बाईच्या वाट्याला काय येतं तेही सांगायला हवं. पाप हव्वेने आणलं, असंच आपल्याकडे तोंडी शिकवलं जातं. पौल मात्र 'एका माणसाच्या द्वारे' म्हणतो तेव्हा आदामाचं नाव घेतो. स्नानसंस्काराला उशीर झाला की दोष आईचा. जूनमध्ये त्या पोरीला तिच्याच घरात विचारलं गेलं, "तुला आधी सुचलं नाही का?" टाके पडलेली, शुद्धीवर येऊन दोन दिवस झालेली बाई ती.

तिला सुचलं नाही, कारण आपण तिला शिकवलं नव्हतं. प्राण जाण्याची वेळ असेल तर कुणीही स्नानसंस्कार देऊ शकतं. बाप देऊ शकतो, नर्स देऊ शकते, ती नर्स ख्रिस्ती नसली तरी चालते. ख्रिस्तसभेला जे अभिप्रेत आहे ते करायचा तिचा हेतू हवा, डोक्यावर पाणी ओतायचं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने स्नानसंस्कार देते म्हणायचं. अर्धा मिनिट लागतं. आपल्या विवाहपूर्व शिबिरांत जमाखर्चापासून सासू-सुनेपर्यंत सगळ्यावर व्याख्यानं होतात, हे कुणी सांगत नाही. मग आशा आहे तर घाई कशाला, असं कुणी विचारेल. संस्कार ही देणगी आहे म्हणून घाई. लेकराला दूध पाजायला आई धावते, ती काय शिक्षेच्या भीतीने?

जाता जाता दुसऱ्या टोकाविषयीही. हल्ली काही शिबिरांत अगदी उलट ऐकू येतं : तुम्ही आतून परिपूर्णच आहात, फक्त स्वतःवर विश्वास ठेवा. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या आपल्या उपदेशपत्रात आजच्या काळातल्या पेलाजियसवादाबद्दल सावध केलं होतं, ते हेच. जमीन खारवलीच नाही असं माझे वडील म्हणत बसले असते तर आम्ही उपाशीच मेलो असतो.

आता मागण्या.

प्रश्नपत्रिकेतली ती रिकामी जागा काढून टाका. तिच्या जागी, देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात निर्माण केलं, आपलं काम पाहून ते 'फार चांगलं' आहे असं म्हटलं, आणि आपण जखमी अवस्थेत जन्मतो पण ते आपण केलेलं पाप नसतं, एवढं तरी मुलांकडून लिहून घ्या. उत्पत्तीच्या पुस्तकात पतनाच्या तिसऱ्या अध्यायाआधी निर्मितीचा पहिला अध्याय येतो. वर्गातही तो आधी येऊ द्या. ईस्टरच्या रात्री मेणबत्तीपुढे आदामाच्या अपराधालाच 'धन्य' म्हणणारी ओळ आपण गातो, कारण त्यामुळे एवढा थोर तारणारा लाभला. पतनाची गोष्ट त्या तारणाऱ्यासकट सांगा. ती त्याच्याशिवाय सांगायची गोष्टच नाही.

बिशप महोदय, आपल्याला विनंती आहे की ११८३ व्या कलमाखालची परवानगी आपण सर्व धर्मग्रामांना एकदाच, लेखी आणि कायमची द्यावी आणि ते पत्र रविवारच्या मिस्सात वाचून दाखवावं. बाळ गेल्यावर घरच्यांनी संध्याकाळी परवानग्या शोधत फिरू नये.

विवाहपूर्व शिबिरांत आणीबाणीच्या स्नानसंस्काराचा अर्धा तास ठेवा. धर्मशिक्षकांना वर्षातून एक दिवस प्रशिक्षण मिळतं, त्यात कॅटेकिझमचे ३८५ ते ४२१ हे परिच्छेद वाचून घ्या. मी तयारी करून द्यायला आणि एका बाजूला बसून चहापाणी बघायलाही तयार आहे.

आणि भिंतीजवळच्या बाळांची एक वही करा. ज्यांना आठवतं अशा आया अजून आहेत. माझ्या माहितीत अकरा जणी आहेत, सगळ्यांत थोरल्या ८३ वर्षांच्या. प्रत्येकीला तारीख पाठ आहे आणि बहुतेकींनी नावही ठरवलेलं होतं. मी घरोघरी जाऊन लिहून आणते, चर्चने फक्त ती वही इतर वह्यांशेजारी ठेवायची.

२ नोव्हेंबरला सर्व मृत भाविकांच्या दिवशी धर्मगुरू दफनभूमीत पवित्र पाणी शिंपडत फिरतात. आमच्याकडे ते मधल्या वाटेने जातात, शेवटच्या रांगेशी वळतात आणि परत येतात. तिथून भिंत साधारण वीस पावलांवर आहे. यंदा आम्ही अकरा जणी आणि जूनमधलं ते जोडपं मेणबत्त्या घेऊन तिथे उभे असू. तिथपर्यंत या.

आपली,
रविवारच्या वर्गाची टीचर